मातीचं दप्तर: निनेव्हेच्या राजवाड्यातल्या पाट्यांची गोष्ट

सेरुआ-एतेरात नावाच्या एका नणंदेने भावजयीला पत्र लिहिलं. मजकूर चारपाच वाक्यांचा. तू तुझी पाटी का लिहीत नाहीस? पाठ का म्हणत नाहीस? असंच चाललं तर लोक म्हणतील, ही का सेरुआ-एतेरातची बहीण! पुढे आपण राजाची थोरली लेक आहोत याची ठसक्यात आठवण करून दिलेली, आणि तू या घरची सून आहेस, युवराज असुरबनिपालची बायको आहेस, हेही सुनावलेलं. पत्र इ.स.पू. ६७० च्या आसपासचं आहे आणि ते मातीवर लिहिलंय. भावजयीचं नाव लिब्बाली-शर्रात. ती पुढे असिरियाची, म्हणजे आजच्या उत्तर इराकातल्या एका प्राचीन साम्राज्याची राणी झाली. असुरबनिपालच्या राजवाड्यातल्या एका शिल्पात ती दिसते. बागेत द्राक्षवेलींच्या मांडवाखाली आसनावर बसलेली, हातात पेला, समोर मंचकावर रेललेला राजा, आणि बाजूच्या झाडाला हरलेल्या एलामच्या (इराणच्या नैर्ऋत्येकडच्या राज्याच्या) राजाचं मुंडकं टांगलेलं.

आधी हे पत्र सांगितलं याला कारण आहे. असुरबनिपालच्या राजधानीत, निनेव्हेत, अशा हजारो पाट्या सापडल्या. त्यांच्याविषयीचं लेखन बहुधा 'जगातलं पहिलं ग्रंथालय' या शब्दांनी सुरू होतं, आणि तिथेच वाचणाऱ्याची वाट चुकते. पहिलं म्हणावं तर सीरियातल्या एब्ला इथल्या राजवाड्यातल्या पाट्या याच्या दीड हजार वर्षं आधीच्या आहेत. आणि ग्रंथालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात कपाटं, पुस्तकं, वाचत बसलेली माणसं. निनेव्हेत तसं काही नव्हतं. राजाला रोज निर्णय घ्यावे लागत आणि ते घेताना देवाच्या मनात काय आहे हे विचारावं लागे. ते विचारण्याची साधनं म्हणजे या पाट्या होत्या. हे एकदा लक्षात आलं की बाकीचा पसारा आपोआप उलगडत जातो.

निनेव्हे आज इराकमध्ये, मोसुल शहरात, तैग्रिस नदीच्या पूर्वेला आहे. तिथल्या मोठ्या टेकाडाला कुयुंजिक म्हणतात. १८५० च्या सुमाराला ऑस्टिन हेन्री लेयर्ड हा इंग्रज तिथे असुरबनिपालचा आजा सेनॅकरिब याचा राजवाडा खणत होता. एका दारावर माशाचं कातडं पांघरलेल्या पुरुषांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. त्या दारातून आत दोन लहान खोल्या निघाल्या, आणि दोन्हींच्या जमिनीवर फूटभर किंवा त्याहूनही जाड थर होता पाट्यांच्या तुकड्यांचा. पुढे डिसेंबर १८५३ मध्ये मोसुललाच जन्मलेल्या होर्मुझ्द रस्सामने त्याच टेकाडाच्या उत्तरेला असुरबनिपालचा राजवाडा शोधला. टेकाडाचा तो भाग फ्रेंचांसाठी राखलेला होता, म्हणून त्याने पहिले खड्डे रात्री गुपचूप खणले. तिथे सिंहाच्या शिकारीची जगप्रसिद्ध शिल्पं निघाली, आणि पुन्हा पाट्यांचा ढीग. या टेकाडावरचे तीस हजारांहून जास्त तुकडे आणि पाट्या आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

एक गोष्ट मात्र त्या वेळी कायमची हातची गेली. कुठली पाटी कुठल्या खोलीत, कुठल्या पाटीशेजारी सापडली, हे कुणी टिपून ठेवलं नाही. टोपल्या भरल्या, पेट्या भरल्या, जहाजावर चढवल्या. दोन राजवाडे, देवळं, ग्रंथ, पत्रं, हिशेब, सगळं एकत्र झालं. आजचे अभ्यासक जे काम करतात त्यातलं निम्मं त्या टोपल्यांमुळे उरावर आलेलं आहे.

आता पाटी कशी असते ते पाहू. नदीकाठची चिकणमाती मळून, खडे काढून, हाताने थापून उशीसारखी मधे किंचित फुगीर पाटी करायची. ती ओलसर असतानाच बोरूने लिहायचं. आपला बोरू शाईत बुडवून ओढतात. यांचा बोरू मातीत टेकवून दाबायचा आणि उचलायचा. प्रत्येक दाबाला एक खूण उमटते, एका टोकाला जाड आणि पुढे निमुळती, खिळ्यासारखी. म्हणून या लिपीला क्यूनिफॉर्म, म्हणजे खिळ्याच्या आकाराची लिपी म्हणतात. अशा चारपाच खुणा मिळून एक चिन्ह होतं आणि चिन्हं शेकडो आहेत. एकाच चिन्हाचे अनेक उच्चार असतात आणि कधीकधी ते अख्ख्या शब्दासाठीही येतं. पाटीची एक बाजू भरली की ती उलटायची, पण पान उलटतो तशी आडवी नव्हे, खालची कड वर येईल अशी उभी. निनेव्हेच्या चांगल्या पाट्यांवरची अक्षरं इतकी बारीक आणि नेटकी आहेत की ती वाचायला बाजूने तिरपा उजेड पाडावा लागतो. समोरून दिवा धरला तर सावल्या नाहीशा होतात आणि अक्षरंही.

ही लिपी वाचता आली त्यात एक धागा मुंबईचा आहे. १८२७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झालेला हेन्री रॉलिन्सन पुढे इराणात गेला आणि बेहिस्तूनच्या कड्यावरचा त्रैभाषिक शिलालेख त्याने जिवावर उदार होऊन उतरवून घेतला. तिथल्या प्राचीन फारसीच्या आधाराने त्याच कड्यावरचा बॅबिलोनी मजकूर उलगडत गेला, आणि निनेव्हेच्या पाट्यांची लिपी तीच. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १८५७ मध्ये एकच नवा लेख चार अभ्यासकांना वेगवेगळा दिला गेला. त्यांची बंद लिफाफ्यातली भाषांतरं उघडली तर ती मुख्य गोष्टींत जुळली. त्यानंतर शंका उरली नाही.

मातीच्या पाटीला दक्षिण इराकच्या प्राचीन सुमेरी भाषेत 'डुब' आणि असिरिया-बॅबिलोनच्या अक्कादी भाषेत 'तुप्पु' म्हणत. भाषेचे अभ्यासक या शब्दाचा माग असा काढतात: तोच एलाममार्गे प्राचीन फारसीत 'दिपि' झाला. अशोकाच्या वायव्येकडच्या शहाबाजगढी इथल्या शिलालेखात 'दिपि' हाच शब्द आहे आणि इतर ठिकाणच्या लेखांत तो 'लिपि' आहे. फारसीत लिहिणाऱ्याला 'दबीर' म्हणू लागले तेही याच मुळापासून. शिवाजी महाराजांच्या वेळचे सोनोपंत डबीर आठवा, किंवा आपल्या ओळखीतलं एखादं डबीर आडनावाचं कुटुंब. त्या आडनावात मातीची पाटी आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी दिवस 'लिपी' हा शब्द लिहिताना हात थबकायचा.

कुयुंजिकच्या ढिगात मुळात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक दप्तर: पत्रव्यवहार, करारनामे, हिशेब, करवसुली, सुभेदारांचे अहवाल, हेरांच्या बातम्या. या पाट्या त्या त्या कामापुरत्या असत. नणंदेचं पत्र त्यांतलंच. दुसरा ग्रंथसंग्रह: पिढ्यान्‌पिढ्या नकलून घेतलेले मजकूर, ज्यांच्या पाट्यांना क्रमांक असत आणि ज्यांची एक मालिका असे. मालिकेला वेगळं नाव देत नसत. आरत्या आपण पहिल्या शब्दांवरून ओळखतो, तसं तिथेही पहिले शब्द हेच नाव. आपण गिल्गमेश या प्राचीन राजाची कथा म्हणतो तिचं तिथलं नाव 'ज्याने खोल पाहिलं'. तिच्या बारा पाट्या. प्रत्येक पाटीच्या शेवटी पुढच्या पाटीची पहिली ओळ लिहून ठेवलेली असते, म्हणजे सुट्या पाट्यांचा क्रम चुकू नये. नुसत्या त्या एका ओळीच्या आधारे आज कितीतरी मालिका परत लावता आल्या आहेत.

पण कथा-काव्यं या संग्रहात फार थोडी होती. खरा भरणा शकुनांचा. राजवाड्यातल्या विद्वानांच्या दृष्टीने देव सगळीकडे लिहीत असतो. आकाशात, नवजात वासराच्या अंगावर, बळी दिलेल्या मेंढ्याच्या कलेजीवर. ते वाचायला शिकायचं. म्हणून हजारो वाक्यं एकाच साच्यात आहेत: 'अमुक झालं, तर तमुक होईल'. आकाशाच्या शकुनांची मालिका सुमारे सत्तर पाट्यांची आहे. जमिनीवरच्या शकुनांची शंभराच्या वर जाते आणि तिची सुरुवात अशी: गाव उंचावर वसलेलं असेल, तर तिथल्या लोकांचं भलं होणार नाही. त्याच मालिकेत पालींचा एक मोठा भाग आहे. पाल माणसाच्या अंगावर पडली तर काय, पलंगावर पडली तर काय. ज्यांनी घरातल्या पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक पाहिलंय त्यांना त्या पाट्या परक्या वाटणार नाहीत. आपल्याकडे मनात शंकेची पाल चुकचुकते. तिथे पालीचं फळ बघायला राजाचा पंडित नेमलेला होता.

याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण तसं केलं तर त्यातली मेहनत दिसत नाही. या लोकांनी शतकानुशतकं आकाश पाहिलं, पाहिलेलं लिहून ठेवलं, एकाखाली एक रचलं. पुढे ग्रहणाचं गणित बांधता आलं ते याच सवयीमुळे. आणि राज्यकारभारात हे सगळं खरोखर वापरात होतं. सूर्यदेव शमशला विचारलेले लेखी प्रश्न सापडले आहेत. अमुक माणसाला अमुक पदावर नेमू का, तो बंड तर करणार नाही ना? प्रश्न मांडायचा, मेंढा कापायचा, यकृताची प्रत्येक रेघ आणि खाच पाहायची, उत्तर टिपायचं.

चंद्रग्रहण राजाच्या मृत्यूचं सूचक ठरलं, तर एक विलक्षण तोड काढत. कुणातरी भलत्याच माणसाला राजा म्हणून गादीवर बसवायचं, म्हणजे अरिष्ट त्याच्यावर जाईल. ही मुदत शंभर दिवसांपर्यंत असे. खऱ्या राजाने तोवर आडोशाला राहायचं. असुरबनिपालचा बाप एसरहॅडन याच्या वेळी हे घडलं, आणि त्या काळात विद्वानांनी त्याला लिहिलेल्या पत्रांचा मायना आहे 'माझे धनी, शेतकरी यांस'. राजा हा शब्द टाळायचा म्हणून. मुदत सरली की त्या बदली राजाला मारत. एका माणसाचा जीव त्या मायन्यामागे आहे, आणि पाटी वाचताना तो विसरता येत नाही.

असुरबनिपाल इ.स.पू. ६६९ मध्ये गादीवर आला. आपण स्वतः विद्या शिकलो याचा त्याला कोण अभिमान! त्याच्या लेखात तो सांगतो की मी अवघड गुणाकार-भागाकार सोडवतो, गूढ सुमेरी आणि किचकट अक्कादी वाचतो, जलप्रलयाच्या आधीचे दगडावरचे लेख पाहिले आहेत. शिकारीच्या शिल्पात सिंहाशी झुंजतानाही त्याच्या कमरेच्या पट्ट्यात बोरू खोचलेला आहे. मला वाटतं या अभिमानात भीतीही होती. जो राजा पंडितांच्या वाचनावर सर्वस्वी अवलंबून असतो त्याला कधी ना कधी वाटणारच, की हे मला खरं सांगताहेत ना?

त्याने पाट्या कशा जमवल्या ते वाचून मात्र मन दोन्हीकडे ओढलं जातं. असिरियाच्या दक्षिणेला असलेल्या बॅबिलोनियातल्या बोर्सिप्पा शहरातल्या शदूनु नावाच्या अधिकाऱ्याला राजाने लिहिलेलं एक पत्र नंतरच्या नकलांमधून आपल्यापर्यंत आलंय. हुकूम असा: अमुक अमुक विद्वानांना बरोबर घे, त्यांच्या घरातल्या आणि एझिदा देवळातल्या सगळ्या पाट्या गोळा कर. असिरियात नसलेल्या दुर्मिळ पाट्या हुडकून पाठव. कुणीही पाटी अडवून धरता कामा नये. आणि मी लिहायला विसरलो असेन पण तुला राजवाड्याच्या उपयोगाचं वाटलं, तर तेही पाठव. शेवटच्या या वाक्यात खऱ्या संग्राहकाची तळमळ आहे. पण थोडं पुढे जा. इ.स.पू. ६५२ ते ६४८ असुरबनिपालचं सख्ख्या भावाशी, बॅबिलोनच्या राजाशी, युद्ध झालं. बॅबिलोन पडलं, आणि लगेच ६४७ मध्ये निनेव्हेच्या दप्तरात आवक नोंदली गेली: सुमारे २,००० पाट्या आणि ३०० लाकडी फळ्या, कुणाकडून काय आलं याच्या तपशिलासह. आणखी एका पाटीवर कामगारांची यादी असावी तशी ओळ आहे: बॅबिलोनियातल्या निप्पुरच्या सुभेदाराचा मुलगा निनुर्ता-गिमिल्ली याने मालिका लिहून पूर्ण केली, त्याला बेड्या घातल्या आहेत, सध्या त्याला काम नाही. एवढीच नोंद. जगातल्या एका अप्रतिम ग्रंथसंग्रहातल्या काही नकला बेड्या पडलेल्या हातांच्या आहेत.

आणि तरीही नकला इमानाने केलेल्या आहेत. मला या सगळ्या ढिगातली सर्वांत मोलाची गोष्ट कुठली वाटते असं विचाराल, तर मी एका शब्दाकडे बोट दाखवीन: 'हेपी'. अर्थ, 'तुटलेलं'. लेखनिक जुनी पाटी समोर ठेवून नकलत असे. जुन्या पाटीचा टवका उडालेला असेल, तर त्याने पदरचं काही भरलं नाही. तेवढी जागा सोडली आणि बारीक अक्षरात लिहिलं 'हेपी'. नुकताच तुकडा पडला असेल तर 'हेपी एश्शु', म्हणजे 'नवं तुटलेलं'. मजकूर त्याला अंदाजाने भरता आला असता, ओळ पाठही असेल कदाचित. पण समोर नाही ते लिहायचं नाही. पोथीच्या शेवटी आपल्याकडचे लेखक म्हणत, जसं पाहिलं तसं लिहिलं, दोष मला देऊ नका. त्याच जातीचा हा प्रामाणिकपणा.

पाटीच्या शेवटी पुष्पिका, म्हणजे समारोपाची नोंद असे. कधी नुसतं 'असुरबनिपालचा राजवाडा, विश्वाचा राजा, असिरियाचा राजा'. कधी लांबलचक: मुळाबरहुकूम लिहून ताडून पाहिली, आणि जो कुणी ही पाटी पळवील किंवा माझ्या नावाच्या जागी स्वतःचं नाव घालील, त्याचं नाव आणि वंश असुर देव आणि निनलिल देवी देशातून पुसून टाकोत.

विद्वानांचे दिवस सगळ्यांचेच बरे नव्हते. उराद-गुला नावाचा मांत्रिक दरबारातून उतरणीला लागला तेव्हाचं त्याचं पत्र आहे. पायताण घ्यायला पैसे नाहीत, शिंप्याची मजुरी द्यायला नाहीत, अंगावरच्याखेरीज दुसरा कपड्याचा जोड नाही, आणि सहा मिनांच्या (मिना हे तेव्हाचं वजनाचं माप) आसपास चांदीचं कर्ज डोक्यावर. एवढी विद्या शिकलो आणि पायी चालत जातो, लोक बघतात, असा त्याचा सूर. अर्ज मोठा देखणा लिहिलाय, म्हणींनी आणि ग्रंथातल्या वळणांनी भरलेला. शिकलेला माणूस याचना करतानाही शिकलेलाच राहतो.

लाकडी फळ्यांचा उल्लेख वर आला. त्यांच्यावर मेणाचा थर असे आणि त्यात लिहीत. निनेव्हेतल्या सगळ्या गेल्या. नमुना म्हणून काही मिळाल्या त्या निमरूद या दुसऱ्या असिरियन शहरातल्या राजवाड्याच्या विहिरीच्या गाळात, १९५३ साली. सोळा हस्तिदंती आणि काही अक्रोडाच्या फळ्या, सेनॅकरिबचा बाप सारगॉन याच्यासाठी केलेल्या, आकाश-शकुनांच्या मालिकेच्या. काही ठिकाणी मेण अजून चिकटलेलं होतं आणि तपासलं तर त्यात हरताळ मिसळलेलं निघालं. मराठीत आपण एखाद्या गोष्टीवर हरताळ फासतो, कारण पोथीतला चुकीचा मजकूर हरताळ लावून पुसत असत. तिथे त्याच पिवळ्या खनिजाच्या मेणात मजकूर लिहिला जात होता.

इ.स.पू. ६१२ मध्ये इराणातल्या मीड लोकांच्या आणि बॅबिलोनी फौजांनी तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर निनेव्हे घेतलं आणि जाळलं. छत कोसळलं, मेणाच्या फळ्यांचा कोळसा झाला. माती मात्र आगीत भाजते. आधी नुसत्या उन्हात वाळवलेल्या कितीतरी पाट्या त्या दिवशी विटेसारख्या पक्क्या झाल्या. सगळ्याच आगीमुळे वाचल्या असं नव्हे. कोरड्या जमिनीत कच्ची पाटीही टिकते. पण राजवाडा जाळणाऱ्यांच्या हातून राजाचं दप्तर पक्कं झालं, हे खरंच आहे.

नोटांचे छाप कोरणारा जॉर्ज स्मिथ ब्रिटिश म्युझियममध्ये हे तुकडे वाचत बसे, आधी जेवणाच्या सुट्टीत, मग नोकरी म्हणून. १८७२ मध्ये त्याच्या हाती वीतभर तुकडा आला: डोंगराला लागलेलं जहाज, सोडलेलं कबुतर, ते परत आलं. गिल्गमेशच्या अकराव्या पाटीतला जलप्रलय. मनू आणि माशाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला तो ओळखीचा वाटतो. बायबलवर वाढलेल्या लंडनला मात्र हादरा बसला. ३ डिसेंबरला त्याने तो वाचून दाखवला तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत होते. चार वर्षांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, स्मिथ अलेप्पोत आजाराने वारला.

तुकडे जोडण्याचं त्याने धरलेलं काम अजून चालू आहे. एका तुकड्याची कड दुसऱ्याच्या कडेशी लावून पाहायची, अक्षराचा अर्धा भाग इथे, अर्धा तिथे. आता म्युनिकच्या विद्यापीठात हजारो तुकड्यांची अक्षरं संगणकात घालून जुळणी शोधतात, पण जोड खरी की खोटी हे शेवटी माणूसच ठरवतो.

आणि जागा खरोखर भरतात. गिल्गमेशच्या पाचव्या पाटीत देवदारांच्या जंगलात शिरल्याचं वर्णन आहे. आधी मिळालेल्या प्रतींत तिथे मोठी मोड होती. इराकच्या सुलेमानिया इथल्या संग्रहालयाने २०११ मध्ये विकत घेतलेल्या एका पाटीत तिथल्या वीसेक ओळी निघाल्या. त्या वाचेपर्यंत ते जंगल मुकं होतं. आता तिथे पाखरं बोलतात, रानकिडे किरकिरतात, माकडं चित्कारतात, आणि वनाचा राखणदार हुंबाबा याच्यापुढे हा ताफा रोज वाजतो, दरबारात वाजंत्री वाजावी तसा.